‘माय फेव्हरेट थिंग्ज’ आधी कुणाचं? सिनेमाचं की सॅक्सोफोनचं?

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की रंगभूमीवरच्या गाण्यांबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त पाठवा. नाट्यसंगीतावरचे प्रश्न भरपूर आले, ते पुढच्या अंकात घेतो. पण ठाणे आणि नवी मुंबईतून एका इंग्लिश नाटकातल्या गाण्यावरच इतकं काही आलंय की यावेळी फक्त तेवढंच.

प्रश्न: नमस्कार दादा, मी पाचपाखाडीला राहते. माझी मुलगी वेस्टर्न व्होकल्सच्या क्लासला जाते, तिथे त्यांचं ‘साउंड ऑफ म्युझिक’मधलं ‘माय फेव्हरेट थिंग्ज’ बसवणं चाललंय त्यामुळे घरात दिवसभर तेच. परवा माझा भाऊ आला आणि म्हणाला थांब याचं खरं व्हर्जन ऐकवतो, आणि त्याने जॉन कोल्ट्रेन म्हणून कोणाचं तरी सॅक्सोफोनवर लावलं, चांगलं तेरा-चौदा मिनिटांचं. मुलगी म्हणते हे आपलं गाणंच नाहीये, भाऊ म्हणतो सिनेमातलं गाणं घेऊन वाजवलंय, आणि आमची आई स्वयंपाकघरातून विचारते कोणाकडे लग्न आहे, सनई कुठे वाजतेय! नक्की काय आहे हे?

उत्तर: ताई, आईचे कान भारी आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण आधी भावाचं बघू, कारण तो म्हणतो तसंच जवळजवळ सगळे धरून चालतात. आपल्याकडे हे गाणं पोचलं ते सिनेमातून, म्हणून सिनेमातलं ते मूळ आणि बाकीच्यांनी ते घेतलं असं वाटणं साहजिक आहे. आता तारखा बघा. कोल्ट्रेन हा अमेरिकन जॅझवादक, त्याने हे न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं 21 ऑक्टोबर 1960 ला, आणि सिनेमा आला मार्च 1965 मध्ये. म्हणजे विजांच्या कडकडाटात घाबरलेली पोरं एकेक करून त्यांना सांभाळणाऱ्या मारियाच्या खोलीत पळत येतात आणि मारिया झालेली ज्युली अँड्र्यूज त्यांना हे गाणं म्हणून दाखवते, तो सीन थिएटरात लागायच्या चार वर्षांहून जास्त आधी हा माणूस ते वाजवून मोकळा झाला होता.

मग त्याला ते मिळालं कुठून, तर नाटकातून. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हे मुळात ब्रॉडवेचं संगीत नाटक, संगीत रिचर्ड रॉजर्स, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन, पहिला प्रयोग 16 नोव्हेंबर 1959, न्यूयॉर्कचं लंट-फॉन्टॅन थिएटर. मारिया होती मेरी मार्टिन. आणि नाटकात हे गाणं वादळाच्या रात्रीचं नाहीच! तिथे मारिया अजून मठातच आहे, तिला त्या कॅप्टनच्या घरी पोरं सांभाळायला पाठवायचं ठरतंय, आणि मठाच्या प्रमुख मदर आणि मारिया दोघी मिळून हे गाणं म्हणतात. मुलं आजूबाजूलासुद्धा नाहीत. वादळाच्या सीनला नाटकात वेगळं गाणं होतं, मेंढपाळाचं, तुमच्या मुलीला माहीत असेल ते. सिनेमावाल्यांनी गाण्यांच्या जागा बदलल्या, आणि तो बदल इतका चपखल बसला की आता हे गाणं विजांशिवाय डोळ्यासमोरच येत नाही.

पहिली रेकॉर्ड म्हणाल तर ती या नाटकातल्या नटांचीच. प्रयोग सुरू झाल्यावर आठवड्याभरात कोलंबिया कंपनीने सगळ्यांना स्टुडिओत नेलं आणि पूर्ण नाटकाच्या गाण्यांची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, केली, निर्माता गॉडार्ड लीबरसन, ज्याने तिकडच्या संगीत नाटकांच्या अशा कितीतरी रेकॉर्ड्स केल्यात. 1960 मध्ये ही एलपी अमेरिकेत 16 आठवडे एक नंबरला होती. त्यात मेरी मार्टिन आणि मदरचं काम करणारी पॅट्रिशिया नेवे यांचं हे गाणं आहे, जेमतेम तीन मिनिटांचं, आणि माझं प्रामाणिक मत सांगतो, मुलीला आधी हे ऐकवा. एक मोठी बाई आणि एक पोरगी लहानपणीचं काहीतरी आठवून गातायत असा गोडवा आहे त्यात, दोघींचे आवाज एकमेकींना लागून चालतात, ज्युलीबाईंच्या सोलोमध्ये ते नाही.

आणि एक गंमत, ही एलपी झाली तो कोलंबियाचा 30व्या स्ट्रीटवरचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्च होतं. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तिथेच ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझची एलपी रेकॉर्ड केली होती, आणि त्यात टेनर सॅक्सोफोनवर कोण, तर आपला कोल्ट्रेनच. म्हणजे ज्या खोलीत हे गाणं पहिल्यांदा टेपवर गेलं त्या खोलीत तो काही महिने आधी उभा राहून वाजवून गेला होता.

आता ती तेरा मिनिटं. नेमकी 13 मिनिटं 41 सेकंद. मुलीला गाणं ओळखू आलं नाही यात तिची काहीच चूक नाही कारण गाण्याचे शब्द गेले, नाटक गेलं, आणि गाण्याची बांधणीसुद्धा त्याने उलगडून ठेवली. मूळ गाणं तीन-तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये आहे. सुरुवातीला आवडत्या वस्तूंची यादी येते, गुलाबावरचे पावसाचे थेंब, मांजराच्या पिल्लांच्या मिशा वगैरे, आणि शेवटी चाल वळते, कुत्रा चावला मधमाशी डसली की मी हे सगळं आठवते, असं. कोल्ट्रेन काय करतो, तो त्या यादीच्या ओळींवरच रमतो. एक ओळ वाजवायची, मग मागे पियानोवर मॅकॉय टायनर दोनच कॉर्ड झुलवत ठेवतो आणि त्याच्यावर हा फिरतो, पुन्हा ओळ, पुन्हा फिरणं, मधेच तो गाण्याचा मायनर रंग जाऊन मेजर येतो आणि अंगणात ऊन पडल्यासारखं वाटतं. खाली स्टीव्ह डेव्हिसचा बास जवळजवळ तंबोऱ्यासारखा एका सुराला धरून, आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स, त्याचा तो सहाचा डोल दादऱ्याची सवय असलेल्या कानाला लगेच पकडता येतो, एकदा पकडला की मान आपोआप हलायला लागते. आणि ती कुत्र्याची-मधमाशीची ओळ? ती अख्ख्या तेरा मिनिटांत राखून ठेवलेली, ती येते अगदी शेवटी. मुखड्यावरच विस्तार करत राहायचं आणि अंतऱ्याला शेवटी हात घालायचा, हे आपल्याला नवीन आहे का सांगा! मुलीला म्हणावं पहिलं मिनिट आणि शेवटची दोन मिनिटं नीट ऐक, ओळ न् ओळ तुझीच आहे.

आता आई. सॅक्सोफोन म्हटला की आपल्या डोळ्यासमोर तो वाकडा पाइपवाला येतो, पण इथे कोल्ट्रेनने घेतलाय सोप्रानो सॅक्सोफोन, सरळ, लांब, वरच्या पट्टीचा आणि थोडा नाकात बोलणारा. त्यामुळे सनई वाटणं अगदी बरोबर. आणि हा माणूस तेव्हा आपलं संगीत मन लावून ऐकत होता, पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1961 मध्ये, त्याने ‘इंडिया’ नावाची स्वतःची रचना वाजवली, आणि 1965 ला मुलगा झाला तर त्याचं नाव रवि ठेवलं, पंडित रविशंकरांवरून. हा रवि कोल्ट्रेनही आज सॅक्सोफोनच वाजवतो. आईंना सांगा त्या योग्य रस्त्याने गेल्या.

एक गोष्ट मला नेहमी चुटपुट लावते, की हॅमरस्टाइन 23 ऑगस्ट 1960 ला गेला, कोल्ट्रेनच्या या रेकॉर्डिंगच्या जेमतेम दोन महिने आधी. त्याच्या शब्दांशिवाय त्याचं गाणं कुठवर जाऊ शकतं हे त्याला ऐकायला मिळालंच नाही. रॉजर्स मात्र 1979 पर्यंत होता, आणि त्याला आपली चाल कोणी बदललेली आवडायची नाही, 1939 सालच्या ‘टू मेनी गर्ल्स’ नाटकात त्याने आणि त्याचा तेव्हाचा गीतकार लोरेन्झ हार्टने त्यावर गाणंच केलं होतं, की बँडवाले असं वाजवतात की चाल ओळखू येत नाही, मला बुवा चाल ओळखू आलेली आवडते. तुमच्या मुलीची तक्रार तीच आहे, म्हणजे ती थेट संगीतकाराच्या बाजूने आहे!

मी स्वतः दोन्ही बाजूंचा आहे. ठाण्याच्या गडकरीला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की बघा, पद सगळ्यांना पाठ असतं आणि तरी लोक थांबून असतात ते आज हा गायक त्यातून काय काढतो यासाठी. ‘कट्यार’मध्ये तर ‘घेई छंद मकरंद’ एकाच नाटकात दोन चालींत आहे, पंडितजींचं सालगवराळीत आणि खाँसाहेबांचं धानीत, दोन्ही अभिषेकीबुवांच्याच, आणि कुठली खरी असं कोणी विचारत नाही. तसंच घ्या हे.

प्रश्न: मी नेरुळला असतो, रिटायर्ड आहे, जुन्या रेकॉर्ड्स जमवतो. माझ्याकडे कोल्ट्रेनच्या या गाण्याची 45 आरपीएमची छोटी रेकॉर्ड आलीये, तिच्या दोन्ही बाजूंना एकच नाव आहे, भाग 1 आणि भाग 2. विकणारा म्हणाला मिसप्रिंट आहे म्हणून महाग. खरं आहे का?

उत्तर: काका, मिसप्रिंट अजिबात नाही, त्यासाठी जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका. कंपनी अटलांटिक, एलपी आली मार्च 1961 मध्ये, आणि एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं सहज मावतात म्हणून तेरा मिनिटांचं गाणं अख्खं बसलं. पण रेडिओवर वाजायचं आणि ज्यूकबॉक्समध्ये जायचं तर छोटी रेकॉर्ड हवी, तिच्या एका बाजूला काही मिनिटंच मावणार, म्हणून काटछाट करून दोन तुकडे केले, अर्धं इकडे अर्धं तिकडे. तेरा मिनिटांचं जॅझ लोकांच्या कानावर पोचलं त्यात या छोट्या रेकॉर्डचा मोठा हात आहे, सांभाळून ठेवा.

तुम्ही जमवणारे आहात म्हणून सांगतो, आपल्याकडे याच अडचणीचं दुसरं टोक होतं. 78 च्या लाखेच्या तबकडीची एक बाजू म्हणजे साधारण तीन मिनिटं, आणि बालगंधर्वांचं पद प्रयोगात वन्समोअर घेत घेत किती रंगायचं हे आपण ऐकत आलोय. म्हणजे रेकॉर्डवर आपल्याकडे आहे ती फक्त झलक. कोल्ट्रेनच्या वेळेपर्यंत एलपी आली होती म्हणून त्याचा विस्तार टिकला, हे त्याचं नशीब आणि आपलंही.

त्याने हे गाणं पुढे सोडलंच नाही. 1963 ला न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात, 1966 ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत टोकियोला, तिथलं तर 57 मिनिटांचं आहे. शेवटचं लाइव्ह रेकॉर्डिंग 23 एप्रिल 1967 चं, त्यातही हेच, आणि जुलैमध्ये तो गेला, वय फक्त 40. टोकियोचं पहिल्यांदाच ऐकत असाल तर हाताशी वेळ ठेवा आणि दरवाजा लावून घ्या, घरच्यांना झेपेलच असं नाही, पण त्या गाण्यात किती जागा शिल्लक होती ते तिथे कळतं.

प्रश्न: घणसोलीच्या आमच्या सोसायटीत दरवर्षी ख्रिसमसला हे गाणं लावतात. यात ना ख्रिसमस ना येशू, मग का?

उत्तर: बरोबर, एका अक्षरानेही नाही. बर्फ आहे, लोकरीचे हातमोजे आहेत, कागदात गुंडाळून दोरी बांधलेली पुडकी आहेत, थोडक्यात थंडी आणि भेटवस्तू, तेवढं पुरलं. 1961 मध्ये ज्युली अँड्र्यूजने अमेरिकेत टीव्हीवर गॅरी मूरच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमात ते गायलं, म्हणजे सिनेमात गायच्या कितीतरी आधी! मग 1964 ला जॅक जोन्सने आपल्या ख्रिसमसच्या एलपीत घातलं, 1965 ला सुप्रीम्सनी, 1967 ला बार्बरा स्ट्रायसँडने, आणि पुढे ती प्रथाच पडली. सोसायटीत सुप्रीम्सचं लावून बघा, मुलांना आवडेल.

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो, कॉलेजला आहे. आरियाना ग्रँडेचं ‘सेव्हन रिंग्ज’ सेम याच चालीवर आहे. ही चोरी ना?

उत्तर: नाही रे, रीतसर परवानगी घेतलेली आहे, आणि स्वस्तात नाही. जानेवारी 2019 ला ते आलं आणि आल्या आल्या बिलबोर्डच्या यादीत एक नंबरला गेलं, पण गीत-संगीताच्या रॉयल्टीतला 90 टक्के वाटा रॉजर्स-हॅमरस्टाइनच्या गाण्यांचे हक्क आता ज्यांच्याकडे आहेत त्या कॉन्कॉर्ड कंपनीला जातो. तिने घेतलीय ती सुरुवातीच्या यादीची चाल, फक्त मांजराच्या मिशांच्या जागी अंगठ्या आणि शॅम्पेन आलं. तू क्रेडिट्स उघडून बघ, आठ-दहा नावांच्या गर्दीत रॉजर्स आणि हॅमरस्टाइन दोघेही आहेत.