मावशींना चुकवून पिंगुळी बघू नका

तुमचा प्रश्न असा, की शनिवार-रविवार पुण्याहून गाडीने कुडाळला मावशींकडे जायचंय, पोरांना पिंगुळीचं चित्रकथीचं (चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेचं) संग्रहालय आणि सावंतवाडीचा राजवाडा दाखवायचाय, पण मावशींच्या पाहुणचारातून सुटायचं कसं? तर सुटूच नका. मावशींनाच गाडीत घाला.

आमचं आजोळ त्याच पट्ट्यातलं. तिथे ‘जेवल्याशिवाय खय जातंस?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. वडे-सागुतीचा घाट घातलेला असणारच, तेव्हा शनिवारी दुपारचं जेवण होईपर्यंत कसलाही बेत आखू नका. जेवा, जरा लवंडा, चहा घ्या आणि मग सगळे मिळून पिंगुळीला निघा. कुडाळहून जेमतेम तीन-चार किलोमीटर आहे.

तिथलं संग्रहालय, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’, म्हणजे शहरातलं कलादालन नव्हे. गंगावणे कुटुंबाने आपल्या घरच्या गोठ्यात ते उभं केलंय. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या, छायाखेळातल्या चामड्याच्या बाहुल्या असं सगळं तिथे हाताच्या अंतरावर बघता येतं. मात्र आधी फोन करून सादरीकरण बघायला मिळेल का ते नक्की विचारा. भिंतीवरचं चित्र बघणं वेगळं आणि कथा चालू असताना बघणं वेगळं. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एकेक पान समोर उभं करतो आणि वीणा, टाळ, हुडुक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीने रामायण-महाभारतातला प्रसंग पुढे नेतो. पोरांना चेहरे नीट बघायला सांगा: एका बाजूने काढलेले, टपोऱ्या डोळ्यांचे. डोळे असे ठसठशीत का, ते मागच्या रांगेत बसलात की आपोआप कळतं.

मावशींना न्यायचं ते इथेच कामी येतं. त्यांच्या पिढीने देवळात चित्रकथी ऐकलेली असण्याची शक्यता बरीच. चित्रापुढे उभ्या राहून त्या जे सांगतील ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं. आणि ‘इलेत नि लगेच भटकूक गेलेत’ हा टोमणाही वाचतो, हा वरचा फायदा!

राजवाडा रविवारी, परतीच्या वाटेवर ठेवा. जाताना निपाणीहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीवरून कुडाळ गाठायचं आणि येताना सावंतवाडीहून आंबोली घाट चढायचा, म्हणजे उलटसुलट फेरा पडत नाही. राजवाड्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार काकांना शुक्रवारीच विचारायला सांगा. रविवारी जमत नसेल तर शनिवारी जेवणानंतर राजवाडा आणि रविवारी सकाळी पिंगुळी.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते बघा. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरायला टेकलेली ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल असतात, एकूण १२०: दहा अवतार आणि प्रत्येकाचे राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा. पोरांना मत्स्याचे बारा पत्ते शोधायला लावा, अर्धा तास निवांत जाईल. कारागीर कामाला बसलेले असतील तर पत्त्याच्या काठावर फिरणारा ब्रश तेवढा जवळून बघा. किमती बघून दचकू नका, ते हातकाम आहे.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं घ्यायची असतील तर राजवाड्याआधी घ्या, नंतर पोरं पेंगतात. आणि सावंतवाडी दुपारी तीनपर्यंत सोडा. पावसाळ्यात तर नक्कीच, आंबोलीत धुकं उतरलं की समोरची गाडी दिसत नाही. मावशींना कुडाळला परत कोण सोडणार, हे मात्र आधी ठरवा. काकांची स्कूटर त्या कामाची नाही, दुपारची एसटी बरी.