दात साफ केल्याने हलतात का?

प्रश्न : डॉक्टर, आईचं वय ५६, लग्न झाल्यापासून मशेरी लावते, चार वर्षांपासून शुगर आहे. खालचे पुढचे दोन दात हलतायत आणि तोंडाला वास येतो. पण रक्त येत नाही म्हणून ती म्हणते हिरड्या चांगल्या आहेत, मशेरीनेच दात टिकलेत. डेंटिस्टनी क्लिनिंग सांगितलंय, पण शेजारच्या काकूंचे दात क्लिनिंग केल्यावर हलायला लागले म्हणून ती तयार होत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी शेजारच्या काकूंचं बोलू, कारण ही भीती मी रोज ऐकतो आणि त्यापायी लोकांचे वाचण्यासारखे दात जातात. दातावर साचलेला चिकट थर रोज नीट निघाला नाही की काही दिवसांत त्याचं कडक कीटण होतं, मग ते ब्रशने निघत नाही, हिरडीखाली उतरतं, तिथे सूज राहते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. दुखत नाही म्हणून कळत नाही. तोवर कीटणच दोन-तीन दात एकमेकांना जोडून धरतं, सिमेंट लावल्यासारखं, ते काढलं की आधीपासून सैल झालेला दात हलताना जाणवतो आणि सूज उतरल्याने फटीही दिसतात. म्हणजे काकूंचं हाड आधीच गेलं होतं, क्लिनिंगने फक्त ते दिसलं.

रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक, हेही धरू नका. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, विडी-सिगारेटवाल्यांच्या हिरड्यांतून तर आजार बराच वाढला तरी रक्त कमीच येतं. आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच हो, मंजन नाही! रोज हिरडीवर घासून हिरडी खाली सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. पण आईला रागावू नका, इतक्या वर्षांची सवय आहे, सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं कित्येक बायका सांगतात, ते व्यसनच असतं. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

आता इलाज. डॉक्टर बारीक खुणा असलेल्या काडीने हिरडी आणि दात यांच्यातली खोली मोजतील, ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ आणि त्याच्या पुढे असेल तर काळजी घ्यायला लागते, सोबत हाड किती उरलंय बघायला एक्सरे. मग बधिर करून हिरडीखालचं कीटण काढून मुळं साफ करतात, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजतात, आणि खोल जागा राहिल्याच तर तेवढ्याच ठिकाणी हिरडी उघडून साफ करतात, त्याला फ्लॅप म्हणतात. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, खोटी आशा दाखवत नाही, पण झीज थांबवता येते आणि थोडे हलणारे दात पुढे वर्षानुवर्षं चालतात. फार हलत असतील तर शेजारच्या दातांना बांधताही येतात.

शुगरचं मात्र खरंच मनावर घ्या. शुगर जास्त असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज राहिली की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, दोन्ही बाजूंनी मार. हिरड्यांचा इलाज नीट झाला की तीन महिन्यांची सरासरी शुगरही (HbA1c) थोडी उतरते असं अभ्यासांत दिसलंय. जाताना तो रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि उपाशी नेऊ नका, नेहमीचं जेवण, गोळी झाल्यावरच.

घरी मऊ ब्रश, दोन वेळा, ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून हळू. फटी मोठ्या असतील तर त्यात जाणारा छोटा ब्रश मिळतो, रात्री तो एकदा फिरवायचा. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, जास्त वापरलं तर दात काळपट होतात. लवंग तेल, मीठ-तेल याने बरं वाटत असेल, पण खालचं कीटण जागचं हलत नाही. आणि हे एकदाच करून संपत नाही, आईला दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला न्यावं लागेल.