आधी ठेका, मग सूर

तुमची अडचण अशी की कीबोर्डवर सूर सापडतात, मनात चालही घोळत असते, पण लिहायला बसलं की कुठला सूर किती लांबवायचा ते ठरत नाही. नोट व्हॅल्यूचा, म्हणजे कुठली खूण किती मात्रांची याचा, तक्ता पाठ करूनही काही सुचत नाही. माझं ऐकाल तर तो तक्ता बाजूला ठेवा आणि थोडे दिवस सुरांनाही हात लावू नका. नुसत्या टाळ्यांवर चाल बांधायला शिका. ओळखीच्या गाण्याचा फक्त ठेका टेबलावर वाजवला तरी ऐकणारा पुष्कळदा गाणं ओळखतो, इतकी चाल ठेक्यात असते.

सुरुवातीला चार किमती पुरतात. फोर-फोरमध्ये, म्हणजे चार-चार मात्रांच्या गटांत मोजताना, क्वार्टर नोट एक मात्रा, हाफ दोन, होल चार आणि एटथ अर्धी. तबल्याची थोडी ओळख असेल तर क्वार्टर म्हणजे बरोबरी आणि एटथ म्हणजे दुगुण असं धरा. या किमती सेकंदात मोजायच्या नसतात. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर, असेल तर क्वार्टर नोट एक सेकंद टिकते, १२० वर अर्धाच. कागदावरची खूण तीच राहते.

आता मोजायचं कसं, कारण खरी गाडी इथेच अडते. मेट्रोनोम ६० वर लावा आणि मोठ्याने म्हणा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. पाय आकड्यांवर पडू दे. क्वार्टर असेल तर प्रत्येक आकड्यावर टाळी, एटथ असेल तर ‘आणि’वरही. हाफ नोटला एकच टाळी, पण तोंडाने ‘ताऽऽ’ धरून ठेवायचं, पुढचा आकडा येईपर्यंत नव्हे, त्याच्याही पुढचा येईपर्यंत. नवशिके हमखास इथे घाई करतात. विरामाचंही तेच: रेस्टमध्ये हात थांबतो, मोजणी नाही.

हे अंगात मुरलं की चार बारचा ठेका लिहा; बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट. पहिला बार: क्वार्टर, क्वार्टर, हाफ. दुसरा अगदी तसाच. ही पुनरावृत्ती मुद्दाम ठेवा, तिच्याशिवाय चाल विस्कळीत वाटते. तिसऱ्यात चार एटथ आणि दोन क्वार्टर, म्हणजे हालचाल वाढली. चौथ्यात डॉटेड हाफ आणि एक क्वार्टर रेस्ट, श्वास घ्यायला. डॉट म्हणजे मूळ किमतीत तिची निम्मी भर, म्हणून डॉटेड हाफ तीन मात्रांची. प्रत्येक बारची बेरीज चार झाली पाहिजे, ती दर वेळी तपासा.

आता यावर सूर बसवा, सा ते प एवढेच पाच:

सा रे गऽ | रे ग पऽ | पम गरे ग रे | साऽऽ –

जोडून लिहिलेले सूर एका मात्रेत दोन, अवग्रह म्हणजे आणखी एक मात्रा, आडवी रेघ म्हणजे विराम. दुसरा बार प वर थांबतो, त्यामुळे पुढे काहीतरी यायचंय असं वाटत राहतं. चौथा सा वर येऊन टेकतो.

मग एक गंमत करून बघा. सूर तेच ठेवा आणि पहिल्या दोन बारचा ठेका बदला: डॉटेड क्वार्टर, एटथ, हाफ. पहिला सूर दीड मात्रा चालतो, दुसरा ‘दोन’नंतरच्या ‘आणि’वर पडतो, तिसरा ‘तीन’वर. दोन्ही प्रकार फोनवर रेकॉर्ड करून लागोपाठ ऐका. पहिला सरळ पावलं टाकत जातो, दुसऱ्यात झोका येतो. एकही सूर न बदलता एवढा फरक पडतो, आणि हा कानाने एकदा पकडला की नोट व्हॅल्यू पाठ कराव्या लागत नाहीत.

सिक्स्टीन्थ (पाव मात्रा) आणि ट्रिप्लेट (एका मात्रेत तीन सूर) आत्ता नकोत. त्याऐवजी चाल आठ बारची करा. चौथा बार सा ऐवजी रे वर सोडा, पाचवा-सहावा पहिल्या दोन बारसारखेच घ्या, सातवा तिसऱ्यासारखा, आणि आठव्यात सा वर या. लिहून झाली की इथे टाका, ठेका आणि सूर दोन वेगळ्या ओळींत, म्हणजे बेरीज कुठे चुकली असेल तर दाखवता येईल.