सुंता केल्याने शीघ्रपतन थांबतं का?

प्रश्न : वय ३१, लग्नाला दोन वर्षं झाली. संबंध सुरू झाला की मिनिटभरात वीर्य पडतं. पहिल्यापासून असंच आहे. मित्र म्हणाला, सुंता करून घे, संवेदना कमी होऊन वेळ वाढेल. ऑपरेशनची तारीखही घेतली आहे. बायको काही बोलत नाही, कूस बदलून झोपते. तेच जास्त लागतं.

उत्तर : ती तारीख आजच रद्द करा. कातडी काढल्याने वेळ वाढतो याला भक्कम पुरावा नाही. सुंता झालेले कितीतरी पुरुष हीच तक्रार घेऊन माझ्यासमोर बसतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये शीघ्रपतनासाठीची शस्त्रक्रिया प्रायोगिकच मानली आहे. ताठरता आल्यावर कातडी मागे सरकत नसेल, चिरा पडत असतील, तर गोष्ट वेगळी. तो फायमोसिस. त्यावर बहुतेकदा आधी स्टेरॉइडचं मलम देऊन पाहतात, त्याने भागलं नाही तर सुंता. पण ती कातडीच्या त्रासासाठी.

पहिल्यापासूनच्या शीघ्रपतनावर औषधं आहेत. डॅपॉक्सेटिनची ३० मिलिग्रॅमची गोळी संबंधाआधी १ ते ३ तास, पेलाभर पाण्यासोबत घेतात. ती घेतल्यावर काहींना चक्कर येते, दारूसोबत तर नकोच. हृदयविकार असेल किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. मेडिकलमधून परस्पर आणू नका, हे कळकळीने सांगतो. लिंगावर लावायचं, संवेदना कमी करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीमही चालतं, पण संबंधाआधी नीट धुवा, नाहीतर पत्नीलाही बधिरपणा येतो.

सोबत 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' हा सराव करा. जेम्स सेमन्स या डॉक्टरांनी तो १९५६ मध्ये मांडला. वीर्य येणार असं वाटण्याच्या जरा आधी हालचाल पूर्ण थांबवायची, लाट ओसरू द्यायची, मग पुन्हा सुरुवात. सुरुवातीला हातानेच. घाई करू नका, काही आठवडे लागतात.

आता पत्नीबद्दल. ती रागावून कूस बदलते, हे तुम्ही धरून चाललात. तिला विचारलंत का? असंच एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. नवऱ्याने हेच सांगितलं, तशी शेजारी बसलेली बायको म्हणाली, "तुम्ही लगेच उठून बाथरूममध्ये जाता, परत आल्यावर एक शब्द बोलत नाही. मग मी कोणाकडे तोंड करून झोपू?" तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिलाही सोबत न्या.