वाचक विचारतात: चांगला गोलकीपर कसा निवडायचा?

प्रश्न: आमच्या शालेय हॉकी स्पर्धेत उत्कृष्ट गोलकीपरच्या बक्षिसावरून दरवर्षी तणातणी होते. कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीत हे कसं ठरवतात?
– एक क्रीडाशिक्षक, कराड

उत्तर: तिथेही एकच मापदंड नाही. क्यूबेकच्या लीगमधली जाक प्लांत ट्रॉफी सरळ गोल-सरासरीवर मिळते. ऑन्टारिओत डेव्ह पिंकनी ट्रॉफी सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलकीपरना, म्हणजे त्यात बचावफळीचाही वाटा आला. वेस्टर्न लीगची डेल विल्सन ट्रॉफी मात्र एकूण कामगिरी पाहून देतात. 2006-07 मध्ये ती केरी प्राइसला मिळाली.

सरासरीचं गणित सोपं: खाल्लेले गोल गुणिले 60, भागिले मैदानावरची मिनिटं. तुमचा सामना 40 मिनिटांचा असेल तर 60 ऐवजी 40 घ्या.

वाद होतो तो इथे. समजा 160 मिनिटांत ‘अ’ने 2 गोल खाल्ले, ‘ब’ने 3. सरासरी 0.50 आणि 0.75, ‘अ’ पुढे. पण ‘अ’वर फटके आले फक्त 6, अडवले 4, म्हणजे 67 टक्के. ‘ब’ने 22 पैकी 19 अडवले, 86 टक्के. आमचं मत ‘ब’ला.

त्यासाठी स्कोअररशेजारी फक्त फटके मोजणारा एक जण बसवा. अडवला नसता तर गोलात गेला असता असाच फटका मोजायचा, झालेला गोलही त्यात धरून. खांबाला लागून बाहेर गेलेला नाही. गोलकीपर काढून जादा खेळाडू उतरवला असताना झालेला गोल त्याच्या नावावर टाकू नका. आणि किमान मिनिटांची अट स्पर्धेआधीच जाहीर करा, नाहीतर एकच सामना खेळलेला पोरगा बक्षीस घेऊन जातो.