नवीन जेट स्की पाण्यात उतरवण्याआधी कारखान्यातल्या जोडणीच्या चुका कशा तपासाव्यात?

सीट काढा आणि आधी वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करूच नका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते.

मग प्रत्येक होज क्लॅम्प, म्हणजे नळी आवळून धरणारी पट्टी, हाताने हलवून बघा. नळी फिरत असेल किंवा क्लॅम्प अगदी तिच्या टोकावर बसला असेल, तर ती कधीतरी निसटणार हे धरून चाला. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

बॅटरीचे टर्मिनल घट्ट हवेत. हँडल वळवलं की मागचं नोझल (पाण्याचा झोत सोडणारं तोंड) दोन्ही बाजूंना सारखंच वळलं पाहिजे. ड्रेन प्लग (आत साचलेलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावून पहिली फेरी किनाऱ्याजवळच मारा. लॅनियार्ड (चालकाला अडकवलेली सुरक्षा दोरी) ओढल्यावर इंजिन लगेच बंद होतं का बघा, आणि परतल्यावर सीटखाली पाणी साचलंय का तेही. दोष दिसला तर फोटो काढून डीलरकडून वॉरंटीतच दुरुस्त करून घ्या.