अर्कचित्र की व्यंगचित्र?

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिए याच्या चित्रांवर मराठीत लिहिताना ‘कॅरिकेचर’ला व्यंगचित्र म्हणावं की अर्कचित्र?

माझा कल अर्कचित्राकडे, पण सरसकट नाही. मूळ इटालियन ‘कारिकारे’ म्हणजे ओझं लादणं; फ्रेंच लोक अशा चित्राला ‘शार्ज’, म्हणजे भारच म्हणतात. तिकडे नाकावर आणखी नाक चढवायचं. मराठी शब्द उलटा चालतो : चेहरा भट्टीवर ठेवायचा आणि उरेल तो थेंब धरायचा. शिवाय ‘अर्क आहे नुसता!’ मधला खट्याळपणा फुकटात मिळतो.

ही भट्टी पॅरिसच्या कोर्टात पेटलेली दिसते, नोव्हेंबर १८३१ मध्ये. ‘ला कारिकात्यूर’ या साप्ताहिकवाल्या शार्ल फिलिपाँने राजा लुई-फिलिपला गवंडी केलं होतं, ज्या जुलै क्रांतीने (१८३०) त्याला गादी दिली तिच्याच खुणा गिलाव्याने बुजवणारा. त्यावरून खटला झाला. बचावात त्याने चार रेखाटनं दाखवली. पहिल्यात राजा, चौथ्यात निव्वळ नाशपती. साम्य हा गुन्हा असेल तर नाशपतीवरही खटला भरा! सहा महिने कैद आणि २,००० फ्रँक दंड झाला तो झालाच. पुढे मात्र कल्ले-बिल्ले काही न काढता नुसतं फळ काढलं तरी राजा ओळखू येई. इथे अर्क संपून व्यंग्य सुरू होतं. ‘व्यंग’ (वि + अंग) म्हणजे उणीव, ‘व्यंग्य’ (वि + अंज्) म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. मराठी लेखणीने ‘य’ गाळला आणि दोन्ही एकाच भांड्यात कालवलं.

दोमिएच्या ‘गार्गांत्युआ’मध्ये (डिसेंबर १८३१; नाव राब्लेच्या कादंबरीतल्या खादाड राक्षसाचं) राजा बसलाय, तोंडाला फळी लावलीय, तिच्यावरून गरिबांच्या पैशाच्या टोपल्या चढताहेत आणि बुडाखालून सनदा नि मानमरातब बाहेर पडताहेत. डोकं अर्थातच नाशपती. तिथलं डोकं अर्कचित्र, अख्खं चित्र व्यंगचित्र. दोमिएलाही सहा महिन्यांची शिक्षा झाली.

तेव्हा दोमिए चेहरा काढत असेल तर अर्कचित्र लिहा, कारभार काढत असेल तर व्यंगचित्र. फक्त १८३४ च्या एका पानापुढे मी अडतो. ‘ल शारिवारी’ला, म्हणजे फिलिपाँच्याच दैनिकाला, स्वतःविरुद्धचा निकाल छापणं भाग होतं. त्यांनी तो शब्दशः छापला, पण ओळी लहानमोठ्या जुळवून, नाशपतीच्या आकारात. चित्र म्हणावं तर रेघ एकही नाही.